विरार फास्टमधले मास्तर

संध्याकाळची विरार फास्ट, बायकांचा डबा. समोरच्या बाकावरच्या मुलीने माझ्याकडे बघत जीभ बाहेर काढली. दातांमध्ये जिभेचं टोक आणि डोळे मात्र गंभीर. वाकुल्या दाखवायचं तिचं वय नव्हतं, त्या बघून घ्यायचं माझं तर नव्हतंच. मग तिच्या हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. फोनमध्ये एक मास्तर होते आणि त्यांचीही जीभ बाहेर होती. ‘थिंक’, ‘थँक’, ‘थर्टी’. आपला ‘थ’ म्हणताना जीभ दातांमागे टेकते आणि सुटते. इंग्रजांचा ‘थ’ फटीतून वारा यावा तसा घासत येतो. मास्तर हे मिनिटभरात सांगून मोकळे झाले आणि लगेच पहिल्यापासून सुरू झाले, कारण हे व्हिडिओ संपत नाहीत, गोल फिरत राहतात. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या बाईंनी ते तीनदा ऐकलं आणि कुणी बघत नाही असं बघून हळूच आपलीही जीभ दातांमध्ये धरली. भाईंदर येईपर्यंत पाव किलो मटार आणि एक व्यंजन एवढं काम झालं होतं.

चर्चगेट ते विरार साठ किलोमीटर. जलद गाडीनेही सव्वा तासाच्या वर लागतो. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस हे वेगळं. ज्या बाईला रोज तीन-तीन तास प्रवासात काढायचे आहेत ती ते नुसते बसून काढत नाही. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सोडली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. तेव्हापासून या डब्यांमध्ये मी स्वेटर पुरे होताना पाहिलेत, हळदीकुंकू पाहिलंय, कुणाच्या तरी नातवाचं नाव पंधरा जणींनी मिळून ठरवलेलं पाहिलंय. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि प्रत्येकीच्या कानात वायर आली. २९ जून २०२०ला टिकटॉकवर बंदी आली, काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील्स आणले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स. कोविडमुळे लोकल तेव्हा सगळ्यांना खुली नव्हती. घरात अडकलेल्या माणसांना बोटाने पडदा वर ढकलायची सवय लागली आणि गाड्या पुन्हा भरल्या तेव्हा ती सवयही डब्यात चढली. शॉर्ट आधी साठ सेकंदांचा असे, ऑक्टोबर २०२४पासून तीन मिनिटांचा चालतो. तीन मिनिटं म्हणजे साधारण एक स्टेशन.

या डब्यात सर्वांत जास्त काय बघतात असं विचाराल तर मालिकांचे तुकडे, मेंदी आणि स्वयंपाक. पण त्यांच्याच मधूनमधून इंग्रजीचे मास्तर डोकावतात, आणि हे मास्तर आले की बघणारीचा चेहरा बदलतो. ओठ हलू लागतात.

जीभ काढणारी मुलगी अंधेरीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. बी.कॉम. झालेली, नालासोपाऱ्याला राहणारी. ‘काय गं शिकतेस?’ विचारलं तर आधी लाजली, मग म्हणाली, ‘काकू, समजतं सगळं. पण तोंडातून निघत नाही.’

हे वाक्य मी वसई-विरारमध्ये इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ते इथल्या स्टेशनांवर उद्घोषणेसारखं लावायला हरकत नाही. २००९ साली आसपासच्या नगरपालिका आणि गावं मिळून इथे महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. वालीव, गोखिवऱ्याच्या कारखान्यांत मराठी-हिंदीवर निभतं. पण अंधेरी-मालाडच्या काचेच्या इमारतींत, मॉलच्या काउंटरवर, इस्पितळाच्या टेबलामागे पहिला प्रश्न इंग्रजीत येतो. तो कळतो. उत्तर मनात तयारही होतं, मराठीत. तिथून इंग्रजीत येईपर्यंत समोरचा हिंदीवर उतरलेला असतो, आणि तो तसा उतरला याचंच जास्त लागतं.

तिने मला तिचे जपून ठेवलेले व्हिडिओ दाखवले. बोट वर ढकलत राहिली, खाली खाडी लागली, पूल संपला, तरी यादी संपेना. मी एकेक उघडायला लावला. मोठा वर्ग होता तो ‘हे कधीच म्हणू नका’ जातीचा. ओळख करून देताना ‘मायसेल्फ अमुक’ म्हणू नका. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणू नका, भाऊ काय तुम्ही जेवताय? ‘कझिन ब्रदर’ म्हणू नका. ‘डिस्कस अबाउट’ म्हणू नका. परीक्षा ‘गिव्ह’ करू नका, ती ‘टेक’ करायची असते. यातलं बरंचसं बरोबर आहे, आणि तरी एकामागून एक असे वीस पाहिल्यावर माझी अवस्था अशी झाली की ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचीही धास्ती वाटावी.

याचं कारण मास्तरांच्या स्वभावात नाही, त्या पडद्याच्या घडणीत आहे. बघणारीचं बोट कायम वर ढकलायच्या तयारीत. तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांत धरलं नाही तर मास्तर गेलेच. धरायचं कशाने? शब्दयोगी अव्ययाच्या गोडीने कुणी थांबत नाही. ‘तुम्हीही हीच चूक करता?’ म्हटलं की थांबतं. म्हणून जे शिकवायला सोपं किंवा जे आधी शिकायला हवं ते वर येत नाही. ज्याची लाज वाटेल ते वर येतं. आमच्या वेळच्या मास्तरांकडे छडी होती. ती दिसायची तरी.

दुसरी जात मात्र मला मनापासून आवडली. घरातल्या इंग्रजीची. एक बाई आपल्याच ओट्यापाशी उभी राहून दिवसभराचं बोलते: दूध उतू गेलं, कुकरची शिटी झाली, कणीक सैल झाली, मोरीत पाणी तुंबलंय, बाळाला उचकी लागली. ‘दूध उतू गेलं’ला इंग्रजीत ‘द मिल्क बॉइल्ड ओव्हर’ म्हणतात हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं. तीस वर्षं मी इंग्रजीत पत्रव्यवहार केला, व्हाउचरं तपासली, लेखापरीक्षकांना उत्तरं लिहिली. पण माझं दूध कायम मराठीतच उतू गेलं. शाळेतल्या इंग्रजीत राजे होते, कोल्हे होते, पोस्टमन होते. मोरी नव्हती.

बहुतेक मास्तर शिकवतात हिंदीतून. त्यांची रीत ठरलेली: वाक्याच्या शेवटी ‘ता है, ती है, ते है’ आलं की साधा वर्तमानकाळ, ‘रहा है, रही है’ आलं की ‘इज’ आणि ‘आयएनजी’. हिंदी बोलणाऱ्याला ही किल्ली चालते. आपल्याकडे ती अर्धीच फिरते. आई हाक मारते, पोरगं खेळातून न हलता ओरडतं, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं, काम भविष्यकाळाचं, आणि खरं तर येण्याचा विचार अजून नाही. याला ‘आय केम’ म्हणणार? निरोप घेताना आपण ‘येते हं’ म्हणतो आणि जातो. ‘जाते’ म्हणणं अशुभ. ‘आम्ही जेवलो’ आणि ‘आपण जेवू’ यांतल्या दोन निराळ्या ‘आम्ही-आपण’ना इंग्रजीत एकच ‘वी’. समोरच्याला पंगतीत धरलंय की नाही ते त्या ‘वी’वरून कळत नाही. उलट तू, तुम्ही आणि आपण या तिघांना एकच ‘यू’. साहेबाला ‘यू’ म्हणताना माझ्या पिढीच्या पोटात अजून खड्डा पडतो.

आणि नम्रता. आपली नम्रता क्रियापदात असते, ‘जरा’मध्ये असते, ‘का’मध्ये असते. ‘जरा सरकता का?’ एवढ्यावर या गाडीत चौथी सीट मिळते. तिथे एका व्हिडिओतल्या बाईंनी शिकवलं, ‘वुड यू माइंड मूव्हिंग अ लिट्ल?’ छान. पण याचं उत्तर ‘येस’ दिलं तर अर्थ होतो, हो, माझी हरकत आहे. सरकायचं असेल तर ‘नो’ म्हणायचं. मी हे मटारवाल्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे नाही म्हणून सरकायचं? आपल्याकडे हो म्हणून सरकत नाहीत.’

इंग्रजीने आपल्यालाही थोडं सरकवलंय, हेही सांगायला हवं. बॅट, बॉल, ऑफिस लिहायचं तर मूळच्या स्वरांत सोय नव्हती. आपण डोक्यावर अर्धचंद्र दिला आणि काम भागवलं. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ रीतसर वर्णमालेत बसवले. म्हणजे आज पहिलीतलं मराठी पोर मुळाक्षरं गिरवतं तेव्हा त्यांत दोन स्वर इंग्रजीच्या पायी आलेले असतात. आणि ज्या ‘चावी’ने ते घर उघडतं, ज्या ‘बादली’ने अंघोळ करतं, बापाचा जो ‘पगार’ येतो, ते शब्द पोर्तुगीजांचे. ते शिकवायला कुणी मास्तर आला नव्हता. १५३४ ते १७३९, दोनशे वर्षं ती माणसं वसईच्या किल्ल्यात होती, शेजारी राहिली, पाव भाजला, नाताळ केला. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, शब्द राहिले. इंग्रजी मात्र वसईत आली ती कागदावरून: ३१ डिसेंबर १८०२, दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह केला. त्या तहाबद्दल आणखी काही बोलायला नको.

मी पाचवीत ए-बी-सी-डी शिकले. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासूनच असे. २०००च्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. आमच्या घरी वडिलांच्या फळीवर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, कणा सुटलेली, दोऱ्याने बांधलेली. नियम, मग शब्द, मग वाक्यं: मराठीची इंग्रजी करा, इंग्रजीची मराठी करा. वडील रोज रात्री पाच वाक्यं घालायचे. एखादं वाक्य अडलं की पंचा खांद्यावर टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, मला उत्तर सुचेपर्यंत. मदत करायचे नाहीत. फिरायचे. मला त्या येरझाऱ्यांचा तेव्हा भयंकर राग यायचा.

‘तर्खडकर’ हे आडनाव पुण्याचं असेल असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ते निघालं घराजवळचं. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला तरखड नावाचं गाव आहे. केळी, नारळ, विहिरी, चर्च, आणि आता अधूनमधून इमारती. त्या गावावरून हे आडनाव आलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर १८१४ साली मुंबईत जन्मले, १८३६मध्ये त्यांचं मराठी व्याकरण आलं आणि लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. त्यांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग, मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, १८६७च्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले. आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा, घरात अॅना. ती विलायतेला जाऊन आली होती.

१८७८ साली या घरात सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा पाहुणा म्हणून आला. त्याचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय, अहमदाबादेत न्यायाधीश होते. धाकट्याला इंग्लंडला पाठवायचं होतं, पण त्याची इंग्रजी पुस्तकी होती. बोलायची सवय नव्हती, तिकडच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. म्हणून दोनेक महिने त्याला डॉक्टरांकडे ठेवलं आणि शिकवायचं काम अॅनाकडे आलं. मुलाचं नाव रवींद्रनाथ. व्याकरण, संस्कृती आणि रोजचं बोलणं, हल्लीचे व्हिडिओ ज्या तीन गोष्टींचं आश्वासन देतात त्या तिन्ही तर्खडकरांच्या मुलीने रवींद्रनाथ ठाकुरांना शिकवल्या. म्हातारपणी त्यांनी या दिवसांविषयी लिहिलं. विद्येचा तोरा मिरवावा असं काही जवळ नव्हतं, आपण कविता लिहितो हेच आपलं भांडवल होतं, अशा अर्थाचं ते आहे. तिला त्यांनी ‘नलिनी’ हे नाव दिलं. ती १८९१मध्ये एडिनबराला वारली.

यातली प्रेमकहाणी चघळणारे पुष्कळ आहेत, मी ती त्यांच्यावर सोडते. मला त्यात दिसतो तो वर्ग. शिकणारा नुसता ऐकत नव्हता. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ऐकणारीला ते ऐकायचं होतं. कविता बंगालीत, सांगायचं इंग्रजीत, घर मराठी. अडखळायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

बोलून-बोलून परकी भाषा शिकणारी माणसं वसईला नवीन नाहीत. सोळाव्या शतकात इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानला गेला, तिथे व्यापार केला, लोकांत राहून जपानी शिकला आणि इतकी शिकला की फ्रान्सिस्कन साधूंचा दुभाषी होऊन जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला. १५९७मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं, १८६२मध्ये चर्चने संत ठरवलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. भाषा चांगली येण्याचे परिणाम नेहमी चांगलेच होतात असं नाही, हा त्यातला उपदेश विद्यार्थ्यांना सांगत असतील की नाही कोण जाणे.

निर्मळच्या बाजूला माझ्या मैत्रिणीची सासू आहे. वय ऐंशीच्या पुढे, घरात बोलायची भाषा कादोडी, प्रार्थनेची मराठी. नातू कॅनडात जन्मलेला, सात वर्षांचा. त्याची भाषा इंग्रजी. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्याच्या तयारीसाठी आजी शनिवारी सुनेच्या फोनवर इंग्रजीचे छोटे व्हिडिओ लावून घेते आणि पुटपुटत बसते. मी तिला विचारलं, कठीण जातं का? तर म्हणाली, ‘हे काय कठीण? आम्ही लहानपणी अख्खी मिस्सा लॅटिनमधी म्हणलेली.’ खरंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते ६५पर्यंत, उपासना लॅटिनमध्ये चाले. पोरं कानावर पडलं ते घोकत, स्वरासकट, चुकत नसत. अर्थ कुणाला विचारू नये. मग उपासना मराठीत आली, पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं. दिब्रिटो इथलेच, नंदाखालचे. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. आजी म्हणते, अर्थ कळायला लागला तेव्हा आधी चुकल्यासारखं वाटलं.

मी होते त्या रविवारी आजीने ‘हाऊ वॉज युवर डे’ पाठ केलं होतं. तिने ते झकास म्हटलं. नातवाने ‘गुड’ म्हटलं आणि संपलं. व्हिडिओत यापुढचं नव्हतं. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याने विचारलं, ग्रॅनी, तू काय खाल्लंस? ती म्हणाली, ‘फिश.’ कुठला? आता आली पंचाईत. आजी उठली, आत गेली. फोनवर नुसता दिवाण दिसत होता, पोर थांबलं होतं. आजी आली ती सुका बोंबील हातात धरून, आणि तो तिने कॅमेऱ्यासमोर नाचवला. सुनेने मागून सांगितलं, याला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात. ‘डक?’ पोर हसून लोळायला लागलं. ‘इट्स नॉट अ डक!’ आजीला तेवढं कळलं. ‘नो डक,’ ती म्हणाली. ‘बोंबील.’ ‘बॉम्बील,’ तो म्हणाला. ‘नो. बोंबील.’ पाच मिनिटं दोघं एका माशावर बोलत होते. आजीची सगळी शब्दसंपत्ती दहा शब्दांची असेल.

कॅनडाचा विषय निघालाच आहे तर. तिथल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांमधल्या इंग्रजीभाषक मुलांकडे पाहून मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी १९८५मध्ये एक गोष्ट मांडली. ती मुलं वर्षानुवर्षं दिवसभर फ्रेंच ऐकत, त्यांना ती उत्तम समजे, पण बोलताना-लिहिताना ती मूळच्या फ्रेंच मुलांच्या मागेच राहत. स्वेनबाईंचं म्हणणं असं की ऐकून कळणं एक आणि बोलून जुळवणं दुसरं. ऐकताना दोन शब्द कळले की तिसरा अंदाजाने कळतो, व्याकरणाकडे बघावं लागत नाही. बोलताना मात्र प्रत्यय आपल्यालाच लावावा लागतो. अडलो की तेव्हा कुठे समजतं, आपल्याला काय येत नाही ते. नालासोपाऱ्याच्या मुलीचं ‘समजतं सगळं, पण तोंडातून निघत नाही’ हे याच्याहून थोडक्यात आहे.

आपल्याकडे रेडिओला हे कळलं होतं. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांसाठी ‘वी लर्न इंग्लिश’ नावाचे पाठ केले होते, ते आकाशवाणीवरून लागत. रेडिओतली माणसं प्रश्न विचारत आणि मग गप्प राहत. त्या गप्प जागेत वर्गातल्या पोरांनी मोठ्याने उत्तर द्यायचं. ही मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असे. रेडिओवर दोन सेकंद आवाज बंद पडला तर एरवी केंद्रावर धावपळ होते. इथे त्या बंद आवाजातच धडा होता. शॉर्ट व्हिडिओला ही चैन नाही. तिथे मास्तर गप्प राहिले तर बोट वर जातं. श्वास घेतलेली जागासुद्धा कापून टाकतात, म्हणून तर सगळे मास्तर एका दमात धावत आल्यासारखे बोलतात. यूट्यूबवर बीबीसीचे सहा मिनिटांचे धडे आहेत, ते निवांत आहेत; डब्यात ते पाहणारी मला एकही भेटली नाही.

वसईतून नर्स होऊन बाहेर जाणाऱ्या मुली बऱ्याच. त्यांना तिकडच्या परीक्षा द्याव्या लागतात (‘टेक’ कराव्या लागतात, चुकले). आयईएलटीएसची तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची, समोर खरा परीक्षक. आरोग्यसेवकांसाठी जी ओईटी असते तिच्यात समोर बसलेला माणूस रोगी किंवा त्याचा नातेवाईक होतो आणि उमेदवाराने नर्स व्हायचं. असे दोन प्रसंग, पाच-पाच मिनिटांचे. रोगी घाबरलेला असतो, ऐकत नाही, गोळ्या घ्यायला नकार देतो. त्याला समजवायचं. पाठ केलेलं तिथे पहिल्या वाक्याला संपतं. आमच्या इमारतीतली एक मुलगी या परीक्षेला बसली तेव्हा तिचे वडील महिनाभर रोज रात्री रोगी होत होते. त्यांना इंग्रजी बेताची. पण कण्हायला छान जमायचं.

हे लिहिताना मला व्हिडिओंविरुद्ध काही म्हणायचं नाही. ज्या बाईला क्लासची फी परवडत नाही, आणि परवडली तरी क्लासच्या वेळेत ती बोरिवलीच्या फलाटावर उभी असते, तिला कुणीतरी मिनिटभर का होईना, फुकट आणि हसतखेळत शिकवतंय. तिला कळायला लागलंय. आता तिला लागतंय ते फोनच्या बाहेरचं काहीतरी, आणि ते या डब्यात दर बाकावर चार-चार बसलेलं आहे. भाषेवरून गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जे व्हिडिओ फिरले ते भांडणांचे होते. कोण कुठली भाषा का बोलत नाही याचे. कोण कुणासाठी थांबलं याचा व्हिडिओ कोण काढणार?

तर त्या संध्याकाळी. गाडी पुलावरून नायगावच्या बाजूला उतरली आणि मी त्या मुलीला म्हटलं, फोन ठेव जरा. आज दवाखान्यात काय झालं ते सांग. इंग्रजीत.

तिने आजूबाजूला पाहिलं. मटारवाल्या बाई पिशवीत बघत होत्या, म्हणजे कान इकडेच होते.

‘टुडे,’ ती म्हणाली, ‘वन ओल्ड मॅन... केम. ही वॉज व्हेरी अँग्री.’ थांबली. व्हेरी म्हणू नका, असं तिच्या चेहऱ्यावर आलेलं मला दिसलं. मी काही बोलले नाही. ‘ही सेड, माय स्पेक्स... युवर स्टाफ... टेक. टुक. हॅज टेकन.’ नायगावला गर्दी उतरली, एक बाई माझ्या पायावर पाय देऊन गेली. मी थांबले. वडिलांसारख्या येरझाऱ्या घालायला जागा नव्हती. ‘वी ऑल सर्च्ड. अंडर द टेबल. इन द... इन द...’ बाथरूम म्हणायचं होतं बहुतेक, पण तो शब्द इंग्रजीच आहे हे तिच्या लक्षात येईना. वसई रोड आलं, दार मोकळं झालं, वारा आत आला. ती अजून त्या ‘इन द’वरच होती. डोळे मिटले, जीभ दातांत धरली, सोडली.

मटारवाल्या बाईंना आता राहवेना. सोललेल्या मटारांवर हात ठेवून त्या पुढे वाकल्या.

‘अगं पण मिळाला का चष्मा?’

मुलीने डोळे उघडले. ‘येस,’ ती म्हणाली, आणि बोटाने स्वतःच्या कपाळावर टकटक केलं. ‘इट वॉज हिअर ओन्ली!’